तीन हप्ते एकशेवीस-ऐंशी

पांढुर्णा
११ ऑगस्ट २०२४

प्रिय मावशी,
जयभीम.

चिठ्ठी पाहून घाबरू नको. फोन केला तर तुला ऐकू येत नाही, मला ओरडावं लागते आणि मी काय ओरडली ते सासूबाईंसकट अख्ख्या गल्लीला कळते. तुझ्या त्या बटणाच्या फोनात व्हॉट्सॲप नाही. म्हणून कागद घेतला. आमच्या गल्लीतल्या वंदना मॅडम तुमच्या बोरगावच्या शाळेवर आहेत, रोज बसनं येणंजाणं करतात. त्यांच्याजवळ चिठ्ठी देऊन राहिली. उत्तरही त्यांच्याच हाती पाठव.

मला पाचवा महिना सुरू आहे. आतापर्यंत सांगितलं नाही म्हणून रागावशील, मला माहीत आहे. पण पहिल्या वेळी दुसऱ्याच महिन्यात सगळ्यांना सांगितलं अन् तिसऱ्यात सगळं वाहून गेलं. दुसऱ्या वेळी सातव्यापर्यंत पोहोचली, बी.पी. वाढलं अन् बाळ पोटातच गेलं. मग लोक तोंड पाडून भेटायला येत होते, चहा पिऊन जात होते. यावेळी मी नितीनला म्हटलं, पोट दिसेपर्यंत कोणालाच सांगायचं नाही. आता दिसते.

पाय सुजून राहिले. संध्याकाळी चप्पल आवळते. सासूबाई म्हणतात, "अंगावर पानी चढते, माह्यावेळीही चढलं होतं, काही होत नाही." आशा कार्यकर्ती रूपाली येते, बी.पी. पाहते, कार्डावर लिहून जाते. परवा १२६/८२ होतं. हे बरोबर आहे ना? तू सत्तावीस वर्षं नर्सबाई होती. दुसऱ्या कोणाला विचारू?

तुझी,
प्रज्ञा


बोरगाव
१४ ऑगस्ट

प्रिय प्रज्ञा,

रागावली मी. पण ते भेटल्यावर. आता नीट वाच.

१२६/८२ बरोबर आहे, पण एकदा बरोबर निघालं म्हणजे पुढं बरोबरच राहील असं नाही. ज्या बाईचं एकदा बी.पी.नं बाळ गेलं तिचं दुसऱ्यांदाही वाढू शकते, अन् पहिल्यापेक्षा लवकर वाढते. दर हप्त्याला पाहा. लघवी तपासून घे, तिच्यात प्रोटीन जाते का ते कळते. डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची लहान गोळी दिली असेल तर चुकवू नको, नसेल दिली तर मागच्या खेपेचा कागद दाखवून विचार.

पाय सगळ्याच बायांचे सुजतात. सकाळी उठल्यावर तोंड सुजलेलं दिसलं, बांगडी हातातून निघाली नाही, डोकं गोळी घेऊनही राहिलं नाही, डोळ्यांपुढं काजवे चमकले, किंवा उजव्या बरगडीखाली दुखलं, तर त्याच घडीला दवाखान्यात जायचं. बाम लावून झोपायचं नाही. सासूबाईला विचारत बसायचं नाही. त्यांची माया खोटी नाही, पण त्यांना चार लेकरं सुखरूप झाली म्हणून सगळ्या जगाला होतात असं त्यांना वाटते.

मी नवव्या महिन्याची वाट पाहणार नाही. दिवाळी झाली की तुझ्याकडं येऊन राहते. माझी पाठ जरा धरून राहिली आहे, बाकी काही नाही. एकसष्टाव्या वर्षी पाठ धरणारच.

मावशी


पांढुर्णा
८ सप्टेंबर

प्रिय मावशी,

बी.पी. १३०/८४. लघवी साफ आली. गोळी सुरू आहे, डॉक्टरीणबाईंनी मागचा कागद पाहून स्वतःच लिहून दिली. पोट आतून धडका मारते. नितीननं हात ठेवला तर नेमकं शांत बसते. तो कापसाच्या जिनिंगवरून आला की पहिले हात धुतो, मग हात ठेवून अर्धा अर्धा तास बसतो. मला हसू येते.

आता तुझं सांग. वंदना मॅडम माझ्या चिठ्ठ्या घेऊन तुझ्या अंगणात येतात तर त्यांना डोळे आहेत. काल मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "प्रज्ञा, तुझी मावशी अर्धी झाली. डावा पाय हत्तीसारखा सुजलाय. अन् मागच्या दोरीवर जुन्या लुगड्याच्या घड्या वाळत होत्या. तसल्या घड्या आपण कशाला वापरतो ते मला नाही का कळत?"

मावशी, तुझी पाळी जाऊन दहा वर्षं झाली.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होती. शहाणी झाली तेव्हा तूच मला सगळं समजावून दिलं होतं, रजिस्टरच्या मागच्या पानावर चित्र काढून. मला फसवू नको. काय होऊन राहिलं ते लिही.

प्रज्ञा


बोरगाव
१५ सप्टेंबर

प्रिय प्रज्ञा,

वंदना मॅडमला पुढच्या वेळी फाटकाबाहेरच उभं ठेवते.

होळीपासून अंगावरून जाऊन राहिलं. आधी डाग पडत होते, आता रोज. वासही येतो. म्हणून विहारात गेली तरी मी दाराजवळ बसते. पाठ त्याच्यामुळंच असेल. पाय कशानं सुजला ते सांगता येत नाही, म्हणजे सांगता येते पण तपासल्याशिवाय सांगू नये.

तू विचारशील, तुला कळत होतं तर गेली काहून नाही. मी पण स्वतःला विचारते. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आमच्याकडं पिशवीच्या तोंडाची तपासणी करायची शिबिरं होत होती. सिरका, म्हणजे व्हिनेगर, लावून पाहायचं, पांढरा डाग दिसला तर पुढं पाठवायचं. शेतातून बाया बोलावून आणायची मी. लाजणाऱ्यांना ओरडायची. "दोन मिनिटांचं काम आहे, मरायपेक्षा बरं आहे ना?" दोनशेच्या वर बाया टेबलावर चढवल्या असतील. मी एकदाही चढली नाही. सोबतची नर्स म्हणायची, "शकुंतलाबाई, तुम्हीपण करून घ्या." मी म्हणायची, मला काय होणार आहे, नवरा जाऊन किती वर्षं झाली. एवढंच कारण. दुसरं मोठं कारण नाही.

तुझी डिलेवरी झाली की नागपूरला जाते. अमोल तिथंच आहे, आईला नेईल. पण आता नाही. दोन हजार एकवीसला तुझा फोन आला तेव्हा मी लसीच्या ड्युटीवर होती. दीडशे माणसं लाईनीत उभी होती. तू म्हणाली, मावशी डोकं फुटून राहिलं. मी म्हटलं, उद्या पाहू. तो उद्या मी विसरली नाही. यावेळी तुझ्या उशाशी मीच बसणार. सहा महिने थांबली, अजून तीन थांबते.

मावशी


पांढुर्णा
६ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

तीन थांबायचे नाहीत. एकही नाही.

माझं सगळं ठीक आहे. तीन हप्ते बी.पी. १२०/८० आलं. रूपाली म्हणाली, तुझ्यासारखी बाई माझ्या पूर्ण यादीत नाही. सूज उतरली. डोकं दुखत नाही. सोनोग्राफीत बाळ वजनानं बरोबर आहे. मी दोन घास जास्तच खाते. माझ्याजवळ बसायची तुला काही गरज नाही.

तू नागपूरला जा. दीक्षाभूमीची गर्दी ओसरली की लगेच जा. तू गेली नाही तर मी गोळी बंद करीन, खरंच करीन. तू मला ओळखते.

अक्षर वाकडं आलं ते पलंगावर बसून लिहिलं म्हणून.

प्रज्ञा


बोरगाव
१३ ऑक्टोबर

प्रिय प्रज्ञा,

तुझी चिठ्ठी वाचून मी किती दिवसांनी पोटभर जेवली. १२०/८०! तुझ्या आईसारखी जिद्दी आहे तू. गोळी बंद करायची धमकी देते, लहान आहे का आता?

जाते मी. अमोलशी बोलणं झालं. पंधराला सकाळच्या बसनं सौंसरहून निघते. आठ-पंधरा दिवस लागतील, तुकडा काढून तपासायला पाठवतात, त्याचा रिपोर्ट यायला वेळ लागतो. माझा फोन इथंच ठेवून जाते, ऐकू येत नाही तर उगाच कशाला. अमोलचा नंबर या कागदाच्या मागं लिहिला आहे. काहीही झालं तर त्याला लावायचा. नितीनच्या फोनात आजच टाकून ठेव.

परत आली की सरळ पांढुर्ण्याला येते. बाळंतविडा मी शिवते आहे, सुती जुन्या कापडाचा. नवं कापड टोचते.

मावशी


पांढुर्णा
३ नोव्हेंबर

आदरणीय मावशींना नितीनचा जयभीम.

मला पत्र लिहिता येत नाही नीट. वंदना मॅडम म्हणाल्या तुम्ही नागपूरहून आल्या की दारात मिळेल असं टाकून ठेवते, म्हणून लिहून राहिलो.

चोवीस तारखेला गुरुवारी सकाळी प्रज्ञाला झटके आले. मी जिनिंगवर होतो. आईनं शेजारच्या केतनला पाठवलं, मी आलो तर ती बेहोश होती, तोंडातून फेस, खाली रक्त. इथल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं अन् म्हणाले एक मिनिट थांबू नका. १०८ मध्ये नागपूरला नेलं. मुलगी होती. पोटातच गेली होती. बाराशे ग्रॅम. मी अन् माझा चुलतभाऊ दोघांनी मातीआड केली. प्रज्ञानं तिला पाहिलं नाही, ती मशीनवर होती.

रक्त थांबेना. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, पिशवी काढावी लागेल, नाही तर बाई जाईल, सही करा. मी केली. सात बाटल्या रक्त लागलं. नवव्या दिवशी छुट्टी झाली. आता घरी आहे.

तुम्हाला फोन लावत होतो, रिंग जायची, कोणी उचलायचं नाही. अमोलभाऊचा नंबर मजजवळ नव्हता. तो तुमच्या चिठ्ठीमागं होता अन् चिठ्ठी तिच्या चिठ्ठ्यांच्या डब्यात. काल सापडली. म्हणजे आपण सगळे नागपुरातच होतो, मावशी.

एक विनंती आहे. पिशवी काढल्याचं तिला सांगितलं नाही. ती विचारते, पुढच्या वेळी काय करायचं, डॉक्टर काय म्हणाले. मी म्हणतो, आधी बरी हो. तुम्हीपण सांगू नका. थोडे दिवस. हात जोडतो.

नितीन


पांढुर्णा
१२ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

तू परत आली असं वंदना मॅडमनी सांगितलं. मला उठून बसून लिहिता येते, पण पाच-सहा ओळी झाल्या की थांबावं लागते. ही चिठ्ठी दोन दिवसांत लिहिली.

आधी जे लिहायला पाहिजे ते लिहिते. मी खोटं लिहिलं होतं. तीन हप्ते १२०/८० कधीच आलं नाही. पहिल्या हप्त्यात १४०/९०, मग १४६/९६, मग १५०/१००. रूपालीनं माझ्यामागं लागून दवाखान्यात नेलं. लघवीत प्रोटीन निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजच भर्ती व्हा, रोज पाहावं लागेल, बाळ लवकर काढायची वेळही येऊ शकते. सासूबाई म्हणाल्या, "मागं पन भर्तीच केलं होतं, काय वाचलं?" पण त्यांच्यावर ढकलत नाही. त्या काहीही म्हणाल्या तरी मला जायचं असतं तर मी गेली असती. मीच म्हटलं, गोळ्या द्या, घरी घेते, दिवाळीनंतर भर्ती होते. कागदावर सही करून आली.

कारण मला वाटलं, मी भर्ती झाली की तुला कळेल, अन् तुला कळलं की तू नागपूरला न जाता माझ्या पलंगाजवळ येऊन बसशील, रक्त जात राहील तरी बसशील. मी हिशेब केला की वीस-बावीस दिवस कसेही निघतील. तू दाखवून येशील, मग मी भर्ती होईन. अमोलचा नंबर नितीनला दिला नाही तो पण त्याच्यासाठीच. त्यानं घाबरून लगेच लावला असता.

बांगड्या साबण लावूनही निघत नव्हत्या, मावशी. तू लिहिलेलं एकूणएक होत होतं अन् मी तुझी चिठ्ठी समोर धरून एकेक पाहत होती.

चोवीसला सकाळी डोळ्यांपुढं पांढऱ्या रेषा आल्या. सासूबाई पोहे करत होत्या. मी म्हटलं, आई, मला तुमचं तोंड दिसून नाही राहिलं. त्या धावत आल्या एवढं आठवते. नंतर काही नाही. जाग आली तर गळ्यात नळी होती अन् पोट सपाट.

चौथ्या दिवशी दूध आलं. मला कोणी सांगितलंच नव्हतं की लेकरू नसलं तरी दूध येते. गाऊन ओला झाला. बाजूच्या पलंगावरच्या बाईचं बाळ रडलं की आणखी यायचं. नर्सनं घट्ट पट्टा बांधला, गोळी दिली. सासूबाई तोंड फिरवून रडत होत्या. त्यांना मी पहिल्यांदा रडताना पाहिलं.

आता एक विचारायचं आहे. छुट्टीच्या कार्डावर सगळं इंग्रजीत आहे. मी अक्षरं लावून वाचलं. एका ओळीत लिहिलं आहे, "ऑब्स्टेट्रिक हिस्टरेक्टमी". नितीनला विचारलं, हे काय. तो म्हणाला, ऑपरेशनचं नाव आहे. मी म्हटलं, ते मलाही दिसते, कशाचं ऑपरेशन? तो पाणी आणायला उठून गेला. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "मले काय इंग्रजी समजते?" रूपाली आली होती, तिनं कार्ड वाचलं अन् माझ्याकडं न पाहता घडी करून ठेवलं.

मोबाईलवर मी पाहू शकते. हातातच आहे. पाहिलं नाही. तू सांग.

अन् तुझा रिपोर्ट काय आला ते पण. जसाच्या तसा लिही.

प्रज्ञा


बोरगाव
१७ नोव्हेंबर

प्रिय प्रज्ञा,

तू विचारलं म्हणून सांगते. हिस्टरेक्टमी म्हणजे पिशवी काढून टाकणं. गर्भाची पिशवी. तुझी काढली आहे. आता तुला पाळी येणार नाही अन् मूल राहणार नाही. कधीच नाही. अशा वेळी दोन्ही बाजूची अंडाशयं ठेवतात, म्हणून उतारवयाचे बाकीचे त्रास वयाआधी होणार नाहीत. एवढंच त्यात चांगलं.

काहून काढली ते पण समजून घे. बी.पी. फार वाढलं की कधीकधी वार बाळाआधीच सुटते. आत रक्त साचते, बाळाला श्वास मिळत नाही. मग पिशवीची ताकद जाते, ती आकसत नाही, नळ उघडा राहिल्यासारखं रक्त जात राहते. त्या वेळी डॉक्टरजवळ दुसरा रस्ता नव्हता. काढली नसती तर हे पत्र लिहायला तू नसती. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहून नाही राहिली. नोकरीत मी अशा तीन बाया पाहिल्या. दोन वाचल्या नाहीत.

नितीननं मला लिहिलं होतं, सांगू नका. मी त्याचं ऐकणार होती. चार दिवस ऐकलंही, तुला नुसतंच "बरी हो" असं एक पत्र लिहून ठेवलं होतं. मग तुझं आलं. तू मोबाईल हातात घेऊन बसली अन् पाहिलं नाही असं वाचलं अन् माझं ते पत्र मी चुलीत टाकलं. नितीनवर चिडायचं असेल तर चिड. पण सही करताना तो एकटा उभा होता हे लक्षात असू दे.

आता तुझ्या खोट्याचं. तू लहान असती तर मी मारलं असतं. तुला माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण मला अजून राग आहे अन् तो तुझ्यापेक्षा माझ्यावरच जास्त आहे. तीन हप्ते लागोपाठ १२०/८०. प्रज्ञा, असलं सारखं बी.पी. मी सत्तावीस वर्षांत एकाच ठिकाणी पाहिलं, घरी बसून भरलेल्या रजिस्टरात. नवीन पोरी असं भरून आणायच्या अन् मी त्यांच्या तोंडावर फेकायची. तुझ्या चिठ्ठीत तेच आकडे वाचले अन् पोटभर जेवली. मला ते खरं पाहिजे होतं. मला नागपूरला जायची भीती होती अन् न जायचीही भीती होती, तू परवानगी दिल्यासारखं झालं. तू खोटं लिहिलं, मी ते आंधळेपणानं वाचलं. आता वाटून घ्यायचं म्हटलं तरी वाटून कमी होत नाही.

चोवीस तारखेला मी कुठं होती ते सांगू? त्या दिवशी मला सोनोग्राफीसाठी खूप पाणी पिऊन बाकड्यावर बसवलं होतं. बाहेर रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला. मला एवढ्या जोराचं ऐकू येते. मी अमोलला म्हटलं, कोणाची तरी बाई असेल. असंच म्हटलं. ती तू नसशीलही, तुझा दवाखाना दुसरा होता. पण ते माझ्या डोक्यातून जात नाही.

माझा रिपोर्ट. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आहे. तिसरा टप्पा, त्यातला पुढचा भाग. बाजूच्या हाडापर्यंत गेला आहे, म्हणून पाय सुजला. दोन्ही बाजूच्या लघवीच्या नळ्या दाबल्या गेल्या, मूत्रपिंडं काम कमी करून राहिली. ऑपरेशन होत नाही. किडन्या चांगल्या असत्या तर औषध अन् किरणं मिळून काही आशा होती, असं डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, होळीला आली असती तर? तरुण डॉक्टर होता, तो कागदाकडं पाहत म्हणाला, "आता ते कशाला, आजी." म्हणजे मला उत्तर मिळालं.

रक्त थांबावं म्हणून दहा शेक देऊ म्हणतात. त्यानं बरं होणार नाही, त्रास कमी होईल. पुढच्या सोमवारपासून. अमोलच्या घरी दोन खोल्या, त्याची बायको सुप्रिया नोकरी करते, तिचं लेकरू लहान. वासामुळं मला तिथं राहायला लाज वाटते. ती काही बोलत नाही, खिडकी उघडते फक्त. म्हणून मी चार दिवसांकरता इकडं निघून आली.

आतापर्यंत मी तुला कधी असं लिहिलं नाही. मला फार भीती वाटते, प्रज्ञा. मरायची नाही तेवढी. त्या आधीच्या दिवसांची. मी ते दिवस दुसऱ्या बायांच्या घरी जाऊन पाहिले आहेत.

मावशी


पांढुर्णा
२० नोव्हेंबर

प्रिय मावशी,

तुझी चिठ्ठी तीनदा वाचली. पहिल्यांदा फक्त पहिल्या चार ओळी वाचल्या अन् बाजूला ठेवली. संध्याकाळी बाकीची वाचली.

नितीन जेवत होता. मी म्हटलं, "तुम्ही सही केली?" त्यानं घास खाली ठेवला.

"केली. डॉक्टरनं विचारलं, बाई पायजे का पिशवी."

"मग मले सांगितलं काहून नाही?"

"तोंडच नव्हतं."

"रोज विचारत होती मी तुम्हाला, पुढच्या वेळी काय करायचं म्हणून. रोज. तुम्ही ऐकत होते."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ताट उचललं अन् आत घेऊन गेल्या. काल त्यांची बहीण आली होती, दोघी मागच्या खोलीत बोलत होत्या. "पोरगा अजून चौतीसचा आहे," एवढं मला ऐकू आलं. मी आत जाऊन विचारलं नाही की मग पुढं काय. नितीनलाही विचारलं नाही. तो रात्री माझ्याकडं पाठ करून झोपतो. त्याला झोप लागत नाही हे मला त्याच्या श्वासावरून कळते, त्यालाही माझं कळत असेल. दोघंही तसेच पडून राहतो.

मुलगी कशी होती ते मी त्याला काल विचारलं. म्हणाला, केस होते. बस, तेवढंच म्हणाला.

मी शुक्रवारी येऊन राहिली. वंदना मॅडमसोबत, सकाळच्या बसनं. सोमवारी तुला नागपूरला मी घेऊन जाईन, दहाही दिवस सोबत राहीन. अमोलला फोन केला, सुप्रियाशी बोलली. ती म्हणाली, ताई या, खाली गाद्या टाकू. वासाचं काही लाजू नको, माझ्याही टाक्यांतून अजून पाणी येते.

सासूबाई म्हणाल्या, सव्वा महिना झाला नाही, घराबाहेर कशी निघते. मी म्हटलं, सव्वा महिना लेकरासाठी पाळतात. मग त्या निघताना डबा देते म्हणाल्या.

एक अडचण आहे. मला डॉक्टरनं तीन महिने काही उचलायचं नाही सांगितलं आहे, भरलेली बादली तर मुळीच नाही. तुला उठवत नाही. बोरगावचा नळ अंगणाच्या पार त्या टोकाला. शुक्रवार ते सोमवार आपल्या दोघींचं पाणी कोण भरणार ते मला समजून नाही राहिलं. बसमध्ये बसून विचार करीन. सुचलं नाही तरी येते.

प्रज्ञा